भाच्याने आणलेला गाळ

टिप्पर धुऱ्यापाशी, बागेच्या बांधाला, येऊन थांबला तेव्हा भिवाजी संत्र्याच्या झाडाखाली आळं उकरत होता. केबिनमधून तुषार उतरताना दिसला तसं त्याने फावडं खाली ठेवलं, धोतराला हात पुसले आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. तुषारच्या पायांत कंपनीचे बूट होते. त्यांवर हिरवट चिखल वाळून बसला होता. भिवाजीने तोच हात कपाळाला नेला.

पलीकडच्या ओळीत गवत काढणाऱ्या त्याच्या सुनेने, उर्मिलेने, पदर पुढे ओढला. भाचा वयाने कितीही लहान असो, मामाने त्याच्या पाया पडायचं, ही या भागातली रीतच आहे. त्यातून तुषार म्हणजे मेलेल्या बहिणीचा एकुलता एक. कुसुम गेल्यापासून सासरा त्याच्या पाया पडताना जरा जास्तच वाकायचा.

"मामा, तुमच्यासाठी का आणलं पाहा," तुषार म्हणाला.

"का आणलं गा?"

"गाळ. कंपनीचं तळं साफ करून राहिले ना. साहेब म्हणे, नेऊन फेका कुठंबी. म्हटलं, फेकाचा काहून? आमच्या मामाची बाग हाय."

सौसरच्या पलीकडे कुठल्याशा कंपनीत माल वाहणाऱ्या ठेकेदाराकडे तो सुपरवायझर होता. भिवाजीचे डोळे चमकले. दर उन्हाळ्यात गावचा तलाव आटला की जो तो गाळ काढून बागेत टाकायचा. गाळ पडलेली बाग दोन-तीन वर्षं वेगळीच दिसते. या वर्षी तलाव आटलाच नाही. सगळ्या गावाच्या बागा गाळावाचून राहिल्या होत्या, आणि इथे गाळ चाकांवर बसून दारात आला होता.

टिप्परचा मागचा फाळका धाडकन उघडला. काळपट, आतून हिरवी झाक मारणारा लगदा धुऱ्यावर पडला. तलावाचा गाळ पडतो तेव्हा कुजक्या शेवाळाचा वास येतो. याला ओल्या लोखंडाचा वास होता, आणि त्याखाली काहीतरी आंबट.

भिवाजीने मूठभर घेऊन दाबला. तलावाचा गाळ दाबला की गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो. या गोळ्यावर त्याच्या बोटांचे ठसे उमटले आणि तसेच राहिले.

"चिकट हाय," तो म्हणाला. "चांगला. ओल धरून ठेवते."

"वास काहून येते पण?" रवींद्रने विचारलं. उर्मिलेचा नवरा फारसं बोलायचा नाही. बोलला तर असं एखादं वाक्य.

"कंपनीचा वास हाय दादा. माह्या शर्टालेही येते. बायको जवळ बसू देत नाई." तुषार स्वतःच हसला. "तिथले साहेब लोक याले सॉइल कंडिशनर म्हणतात."

"म्हणजे का?"

"जमिनीचं टॉनिक समजा."

"मंग तं झाडं पळून जातीन बाप्पा," भिवाजी म्हणाला. "बांधून ठेवा लागतीन."

त्यानंतर टिप्पर येत राहिला. रवींद्र घमेली भरायचा, उर्मिला डोक्यावरून न्यायची, भिवाजी आळ्यात ओतायचा. खोडाजवळ फावडं लागलं तर मुळं दुखावतात, म्हणून तिथला गाळ उर्मिला हातांनी पसरायची, पोळी थापावी तसा. संध्याकाळी ती बंबातल्या कढत पाण्याने हात धुवायची, साबण लावायची, राखेने घासायची. वास जायचा नाही. जेवताना घास तोंडाजवळ आला की आधी तो वास यायचा आणि मग भाजीची चव.

धुऱ्यावरचा ढीग संपला. आळी भरली. भिवाजीने बागेचं पाणी तोडलं.

आंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडाला ताण देतात. पाणी बंद करून झाड उपाशी ठेवायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. मग पाणी सोडलं की भुकेलं झाड एकदम फुटतं, फुलतं. किती ताणायचं आणि कुठे सोडायचं ते ज्याला कळलं त्याचा बहार. भिवाजीला ते कळतं, असं पांढुर्ण्याच्या बाजारातही लोक म्हणायचे.

या वर्षी ताण लवकर बसला. शेजाऱ्यांच्या बागा अजून काळ्याहिरव्या असताना भिवाजीच्या बागेने रंग टाकला. धुऱ्याला धुरा लागून असलेला विजय रोज सकाळी येऊन बघायचा.

"बुवा, तुम्ही झाडाच्या कानात का सांगता?" तो म्हणाला. "आमची लेकाची अजून हिरवीगार उभी हायेत. जशी सासुरवाडीले आली."

"दया येते तुले झाडाची. दया आली का बहार गेला."

"गाळाचा गुण असंल का?"

"गाळ आणि हात, दोन्ही लागते."

विजयच्या मागे आणखी माणसं यायला लागली. भिवाजी त्यांना ओळीओळीने फिरवायचा, पिवळं पान तोडून उन्हात धरून दाखवायचा. इतकी वर्षं बागेत काढलेल्या माणसाचं असं कौतुक होताना उर्मिलेला बरंच वाटायचं. पण ताणाची पानं तिनेही लग्न होऊन आल्यापासून पाहिली होती. ताणाचं पान आधी होडीसारखं वळतं, मग सगळंच्या सगळं फिकं होतं. ही पानं वळली नव्हती. ती टोकाकडून करपत आत येत होती, कागदाला कडेने आच लागावी तशी.

आणि आळ्यांत गवत उगवत नव्हतं. ओळींच्या मधे होतं. आळ्यात एक पातं नाही, मुंगीची एक वाट नाही.

"तण नाई आलं तं चांगलंच झालं ना," रवींद्र म्हणाला. "निंदण वाचलं."

"मुंग्या कुठं गेल्या?"

"मुंग्यांचं का करतं तू?"

उर्मिलेच्या बोटांच्या पेरांवर एव्हाना लहान लहान फोड उठले होते. फुटल्यावर त्यांची गोल, खोल भोकं झाली. सुईने टोचून आत गिरमिट फिरवावं तशी, काठ जाड आणि तळ ओला. गंमत म्हणजे ती फार दुखत नव्हती. भरतही नव्हती. पांढुर्ण्याला मेडिकलवाल्याने तिचा हात काउंटरच्या काचेवर उलटासुलटा करून पाहिला.

"केमिकलचं काम करता का वो, बाई?"

"नाई. बाग हाय आमची."

"फवारणीचं असंल मंग," तो म्हणाला आणि मलमाची ट्यूब दिली.

संक्रांत झाली. भिवाजीने नारळ फोडून ताण तोडला. मोटर सुरू झाली, पाटातून पाणी पहिल्या आळ्यात शिरलं. भिवाजी चवड्यांवर बसून बघत होता. कोरड्या आळ्यात पाणी शिरलं की जमीन आवाज करते, तहानलेल्या गुरासारखी. त्याला तो आवाज ऐकायचा असे. या वेळी पाणी आवाज न करता वर तरंगत राहिलं. त्याला फेस आला. आणि ते पिवळं झालं.

"माती धुऊन राहिली," भिवाजी म्हणाला.

माती धुतली तर पाणी काळं होतं, असं उर्मिलेच्या मनात आलं. हाताला फडकं गुंडाळून ती पुढच्या आळ्याचं तोंड उघडायला गेली.

बाग उतारावर होती आणि विहीर उताराच्या पायथ्याशी. मुरुमातून आणि खडकाच्या फटींतून बागेचं पाणी शेवटी विहिरीतच झिरपायचं, तेच पुन्हा बागेत यायचं. घरचं पिण्याचं पाणी याच विहिरीचं. गावच्या शाळेचंही. शाळेची बोअर बंद पडल्यापासून भिवाजीने विहिरीवरून शाळेच्या टाकीपर्यंत नळी टाकून दिली होती. एका पैशाचं नाव काढलं नव्हतं. पंधरा ऑगस्टला त्यासाठी त्याला शाल मिळाली होती.

शाळेतलं मध्यान्ह भोजन बायकांच्या बचत समूहाकडे होतं आणि स्वयंपाक उर्मिला करायची. मोटर सुरू झाल्यावर काही दिवसांनी तिने भाताचं झाकण काढलं तर भात पिवळसर दिसला. तिला वाटलं, सकाळच्या उन्हामुळे. पोरं ताटं घेऊन बसली आणि चौथीतली चंचल म्हणाली, "काकू, आज कोणाचं लग्न हाय वो? हळदीचा भात केला."

पोरं हसली. उर्मिलाही हसायला गेली आणि तिचा हात डावासकट तसाच थांबला. हळद तिने टाकलीच नव्हती. ती टाकीकडे गेली, पांढऱ्या चिनी मातीच्या कपात पाणी घेतलं. अगदी फिकं. लिंबाची फोड पिळून काढून टाकावी इतकंच.

तिने पोरांच्या पुढ्यातली ताटं उचलायला सुरुवात केली.

"हे का करून राहिल्या?" हेडमास्तर गौतम सर वर्गातून धावत आले.

"भात बिघडला सर."

"कालच्यासारखाच तर आहे."

काल. काल तिने भाताकडे नीट पाहिलंच नव्हतं.

तिने पातेलं शाळेमागे नेऊन ओतलं. पोरं त्या दिवशी बिस्किटांवर राहिली. सरांनी समूहाच्या बायकांसमोर तिला विचारलं, की धान्य काय तिच्या घरचं आहे का. आणि हातांना असं काही झालेलं असताना ती स्वयंपाक कशी करते. तिने हात पदराखाली घेतले. दुसऱ्या दिवसापासून ती नाल्यापलीकडच्या हातपंपावरून डोक्यावर पाणी आणायला लागली. शाळेला आणि घरालाही. घरी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "विहिरीचं पाणी मले बाधून राहिलं."

"पंधरा वर्षं नाई बाधलं ते?" भिवाजी म्हणाला आणि विहिरीच्याच पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

पोरांना पाणी आणून देता येत होतं. पण शाळेच्या टाकीवरून बायका घागरी भरून न्यायच्या, त्यांना काय सांगणार? मोटर बंद करा म्हटलं तर बाग जाणार, आणि का बंद करायची ते म्हटलं तर गाळापाशी आणि गाळापासून तुषारपाशी जावं लागणार. एके दुपारी घरात कुणी नसताना उर्मिलेने सरकारी तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन लावला. शेताचा पत्ता सांगितला. आपलं नाव सांगितलं नाही.

जीप आली त्या दिवशी सगळे बागेतच होते. उतरली ती एक तरुण बाई, खांद्याला पेटी, हातांत जाड मोजे. प्रदूषण मंडळाकडून आले म्हणाली. नाव अमृता. माहेर पांढुर्ण्याचंच, वडील शिक्षक होते, हे तिने लगेच सांगून टाकलं. तिने आळ्यातला गाळ बाटलीत भरला, विहिरीचं पाणी भरलं. मग एक कागदाची पट्टी पाण्यात बुडवून धरली. पट्टी जांभळी झाली. तिने ती कुणाला दाखवली नाही, नुसती बघत राहिली. उर्मिला तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"बाबा, हे पाणी कोणी पितं का?"

"सारं गाव पिते. मी पितो." भिवाजीने बादली ओढली, ओंजळ भरली आणि तिच्यासमोर प्यायला. "हे घ्या. आता का होते मले?"

"लगेच काही नाही होत," अमृता हळू आवाजात म्हणाली. "म्हणूनच वाईट आहे. हा गाळ नाही बाबा. कारखान्याचं सांडपाणी साफ केल्यावर खाली उरतो तो स्लज. यात क्रोमियम आहे. आमच्या भाषेत हे परिसंकटमय अपशिष्ट."

"का म्हणता?"

"धोकादायक कचरा. कंपनीनं तो ठरलेल्या जागी, अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरायचा असतो. तिथं न्यायला खर्च येतो, म्हणून असा कुठंतरी टाकतात. कोणी आणला हा?"

विजय धुऱ्यावर उभा होता, तो दुसरीकडे बघायला लागला. रवींद्रने बापाकडे पाहिलं.

"माझा हाय," भिवाजी म्हणाला.

"तुमचा कसा? कोणीतरी आणलाच असेल ना."

"मी मागून घेतला. माह्या वावरात पडला हाय, माह्या झाडाले घातला हाय. माझाच."

अमृताने मोजे काढले आणि त्याच्यासमोर मातीतच बसली.

"बाबा, नीट ऐका. कायद्यात एक शब्द आहे, अधिभोगी. असा माल ज्याच्या ताब्यात सापडतो तो अधिभोगी. माल उचलून न्यायची, जमीन साफ करायची, विहीर साफ करायची, सगळी जबाबदारी त्याची. नोटीस त्याला. खटला त्याच्यावर. तुम्ही माझा माझा म्हणालात तर मला तुमचंच नाव लिहावं लागेल."

"अधिभोगी म्हणजे मालक का?"

"मालक नाही. ताबा ज्याचा तो."

"ताबा तं हायच माझा. लिहा."

"आणि आणणारा मोकळा राहील. तो मिळाला तर मी कंपनीपर्यंत जाऊ शकते. नाहीतर तो उद्या दुसऱ्याच्या शेतात टाकेल."

उर्मिलेने तोंड उघडलं. भिवाजीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, तो असता तर ती बोलली असती. त्यात विनवणी होती. कुसुमबाई शेवटच्या दुखण्यात याच घरात होत्या, आणि पोराचा हात भावाच्या हातात देऊन गेल्या होत्या. उर्मिला तेव्हा उशाशी उभी होती.

तिने तोंड मिटलं.

निघताना अमृता जीपपाशी थांबली. तिची नजर उर्मिलेच्या बोटांवर होती. "काकू, हे दवाखान्यात दाखवा. मलमानं जाणार नाही." आणि आवाज खाली आणून, "फोन तुम्हीच केला होता ना? माझा नंबर ठेवा. तपासणीचा अहवाल यायला वेळ लागेल. तोवर मोटर बंद ठेवा, कसंही करून."

मोटर बंद झाली. रवींद्रने स्वतः जाऊन फ्यूज काढला, आणि बापाने विचारल्यावर फ्यूज उडाला म्हणून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो बापाशी खोटं बोलला असेल. भिवाजीने वाद घातला नाही. तो दिवसभर बागेत बसून राहायचा. जेवण कमी झालं होतं. मधेच पोटावर हात दाबून धरायचा आणि कुणी पाहिलं की काढायचा. पानं गळतच होती. आता पिवळी व्हायलाही थांबत नव्हती. करपलेली, अर्धी हिरवी, पाण्याविना नुसती खाली येत होती. गावातले बघे बंद झाले. विहिरीच्या वाटेने जाणारे लोक पलीकडून जायला लागले.

आणि मग एका सकाळी भिवाजीची हाक आली.

"रवी! उर्मिला! अरे या, पाहा!"

बाग फुलली होती. बागेत पान नव्हतं. काळ्या उघड्या फांद्यांना बुडापासून शेंड्यापर्यंत नुसतं फूल. इतकं फूल उर्मिलेने कधी पाहिलं नव्हतं. वास नाल्यापलीकडे जात होता. त्या वासात पहिल्यांदाच तिच्या नाकातला लोखंडाचा वास बुडाला. मधमाश्या आल्या होत्या. त्या फुलांवर बसत होत्या आणि धुऱ्यावरून विजयच्या बागेकडे उडून जात होत्या.

भिवाजी रडत होता. "मॅडमले बोलवा," तो म्हणत होता. "या म्हणा, का लिहिलं ते खोडून जा."

दुपारपर्यंत गाव लोटलं. जे वाट बदलून जात होते तेही आले. शाळेत उर्मिला चुलीवरून पातेलं उतरवत होती तेव्हा गौतम सर दारात येऊन उभे राहिले. आज ते हसत होते.

"पाणी खराब असतं तर बाग अशी फुलली असती का, उर्मिलाबाई? उद्यापासून मोटर चालू करायला सांगा. टाकी कोरडी आहे. पोरं घरून बाटल्या आणून राहिली."

भांडी तशीच ठेवून उर्मिला बागेकडे निघाली. अर्ध्या वाटेवर तिला टिप्परचा आवाज ऐकू आला.

तो विजयच्या धुऱ्यावर उभा होता, भरलेला. तुषार खाली उतरून माणसांच्या घोळक्यात बोलत होता आणि ऐकणाऱ्यांत भांडण जुंपलं होतं.

"पहिला मले. माझा धुरा लागून हाय."

"तुह्या बागेले नेऊन का करतं, तीन झाडं तं हायेत."

"तीन का तीस, अगोदर मी बोललो."

"सगळ्याइले भेटंल," तुषार म्हणाला. "कंपनीत लय हाय."

भिवाजी त्यांच्यामागे उभा होता, डोळे लाल, तोंडावर लहान पोरासारखं हसू. माणसं त्याला पुन्हा बुवा म्हणत होती.

उर्मिला धुऱ्यावरून उतरून सरळ पहिल्या झाडापाशी गेली. डाव्या हाताचा अंगठा अजून धड होता. तिने एक फुललेली फांदी खाली ओढली, नखाने साल खरडली. खाली हिरवं असायला हवं होतं. जित्या झाडाच्या सालीखाली ओलं, हिरवं असतं. हे संत्र्याच्या गावातल्या पोरालाही माहीत असतं. खाली तपकिरी होतं. तिने अलीकडे खरडलं. तपकिरी. दुसरी फांदी, जाड. तपकिरी, कोरडं, चहाच्या चोथ्यासारखं.

"मामाजी," तिने हाक मारली. सासऱ्याला, आणि तीही एवढ्या पुरुषांमध्ये, अशी मोठ्याने हाक तिने कधी मारली नव्हती. घोळक्यातली तोंडं तिच्याकडे वळली. "इकडं या."

भिवाजी आला. तिने फांदी तशीच धरून ठेवली. त्याने पाहिलं. मग कमरेचं खुरपं काढून त्याने स्वतः साल काढली, जिथून फांदी फुटते तिथे. मग खोडावर. मग गुडघे टेकून खोडाच्या बुंध्याशी. बुंध्याशी, गाळ लागला होता तिथे, साल न खरवडताच निघून हातात आली.

"पाणी नाई मिळालं म्हणून सुकलं असंल," तुषार मागून म्हणाला. "दोन पाणी द्या मामा."

"सुकलेलं झाड फुलते का गा?" भिवाजी वर न बघता म्हणाला. आवाज विचारल्यासारखा होता, त्याला खरंच जाणून घ्यायचं असावं तसा.

विजयने दुसऱ्या झाडाची फांदी खरडली. आणखी कुणी तिसऱ्याची. बागेत सगळीकडून नखांचा आणि खुरप्यांचा बारीक आवाज येत राहिला. फुलं गळत होती.

"झाडानं जाता जाता सारं देऊन टाकलं," रवींद्र म्हणाला.

विजय धुऱ्यावर परत गेला. "तुषारभाऊ," तो म्हणाला, "फाळका उघडू नका. घेऊन जा."

"आत्ता तं भांडून राहिले होते!"

"घेऊन जा म्हटलं ना."

"मामा, तुम्ही सांगा याइले." तुषारचा आवाज चढला. "भरलेला टिप्पर मी परत नेऊ का? गेटात घेणार नाईत. मामा!"

भिवाजी उठला. गुडघ्यांना गाळ लागला होता, तो त्याने झटकला नाही. तो भाच्यासमोर गेला, वाकला आणि त्याच्या बुटांना हात लावला. नेहमीसारखाच. फक्त या वेळी तो लवकर उठला नाही, आणि हात कपाळाला नेला नाही.

"जाय बाप्पा," तो तसाच खाली बघत म्हणाला. "इथून जाय."

टिप्पर वळला. माणसं बाजूला झाली. तो नाल्याच्या वाटेने वर चढला, धूळ उडाली, मग टेकाडामागे दिसेनासा झाला. माणसं पांगायला लागली होती तेव्हा वरच्या अंगाने, नाल्याकडून, आवाज आला. धाडकन. फाळका उघडल्याचा. एव्हाना सगळ्या गावाला तो आवाज ओळखू येत होता.

नाला तिथून विजयच्या विहिरीला वळसा घालून खाली येतो. हातपंप त्याच्याच काठावर आहे. आणि पुढे तो जाम नदीला मिळतो.

विजय तिकडे धावत सुटला, त्याच्यामागे रवींद्र, त्याच्यामागे बाकीचे. उर्मिलेने पदराच्या गाठीतून फोन काढला. फडकी बांधलेल्या बोटांनी नंबर दाबायला वेळ लागला.

"मॅडम, उर्मिला बोलते. बागेची."

"बोला काकू."

"नाल्यात टाकून राहिला तो. आत्ता. लवकर या."

"कोण? नाव सांगा. नाव मिळालं तर मी आत्ता निघते आणि टिप्परही अडवते."

भिवाजी पुढच्या झाडापाशी बसला होता. ते झाड त्याने रवींद्र झाला त्या वर्षी लावलं होतं. तो खुरप्याने साल काढत होता, वरून खाली, अंगुळभर, आणखी अंगुळभर, हिरवं कुठे लागतं ते बघत.

"तुषार," उर्मिला म्हणाली. आवाज खाली आणला नाही. "आमच्या कुसुमबाईचा मुलगा. माह्या सासऱ्याचा भासा."

खुरपं थांबलं. फुलं त्याच्या पाठीवर पडत होती, पांढरी, वासाची. मग खुरपं पुन्हा चालायला लागलं, अजून खाली, मातीच्या आत, मुळाशी.